काटेसावरीवरची पुरचुंडी

सगुणा मांडवकरचा नेम चुकत नाही, हे आमच्या वाडीत तीस वर्षं सगळे धरून चालले होते. पालीच्या बाजारापासून आत सात-आठ किलोमीटरवर आमची वाडी. चाळीस घरं, त्यांतली निम्मी कुलपं लावलेली. सगुणा लग्न होऊन आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा धाकू मुंबईत कापडाच्या गोदामात कामाला. तो वर्षाला दोनदा यायचा, शिमग्याला आणि गणपतीला. मूलबाळ झालं नाही. पहिली काही वर्षं तिने भाताची कामं केली आणि मग अनिलशेठच्या कलमांच्या बागेची राखण धरली. ती सुटलीच नाही.

राखण म्हणजे मोहोर धरल्यापासून शेवटचा आंबा उतरेपर्यंत वानर आणि केलडी हाकत फिरायचं. केलडी म्हणजे लाल तोंडाची माकडं. वानर हाकललं की जातं, केलडं झाडामागे लपतं आणि पुन्हा येतं. सगुणाच्या बापाला, भिकाजीला, गलोल चांगली करता यायची. पेरूच्या दोन फाटे फुटलेल्या फांदीचं दुबेळकं, सायकलच्या ट्यूबचं रबर, मधे चामड्याचा तुकडा. अशी एक त्याने लेकीला करून दिली. पुढे सगुणाने बागेत झाडाझाडांवर पत्र्याचे तुकडे टांगले. जनावराला मारायचं नाही, त्याच्या डोक्यावरच्या पत्र्याला मारायचं. खडा पत्र्यावर बसला की असा आवाज होई की अख्खी टोळी वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे जाई.

मग लोक तिला इतर कामांनाही बोलवायला लागले. केबलवाल्याला झाडांवरून तार न्यायची असली की सगुणा शिशाची गोळी तंगुसाला बांधून हव्या त्या फांदीवरून पलीकडे मारून देई. तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी. ती आणि जाळ्याचं शिसं मिरकरवाड्याहून येणारी मासेवाली तिला आणून द्यायची. तंगूस पलीकडे गेला की त्याच्या टोकाला सुतळी, सुतळीच्या टोकाला दोरखंड. गुरुजींच्या मुलाच्या लग्नात फोटोवाल्याचा ड्रोन रायवळ आंब्यात जाऊन अडकला, तोही तिनेच असा खाली काढला. पोरांनी मोबाइलवर त्याचे व्हिडिओ काढले. ती मात्र ड्रोन खाली आल्याबरोबर बागेकडे निघून गेली, कारण चार वाजले होते आणि केलडी यायची वेळ झाली होती.

धाकू निवृत्त होऊन आला तो दमा घेऊन आला आणि पाच वर्षांत गेला. तेव्हापासून ती घरात एकटी. शेजारी गडग्याच्या पलीकडे तिची थोरली जाऊ मालन. मालनचा नवरा केरू तर त्याच्याही आधी गेला होता. तिचा मुलगा विनीत मुंबईत लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला, मुलगी मृणाली चिपळूणला दिलेली. म्हणजे दोन घरांत दोन विधवा आणि मधे कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. त्या गडग्यावरून दोघींचं जुनं भांडण होतं. पावसात तो ढासळला होता, आणि पुन्हा रचताना सगुणाने एक हात पुढे सरकवला, असं मालनचं म्हणणं. सगुणाचं म्हणणं, चिरे होते तिथेच रचले. भांडण मोठं नव्हतं, पण रोजचं होतं.

गेल्या वर्षी माघात एका सकाळी केलडी सगुणाच्या परसातल्या वालावर उतरली. गडग्याजवळच्या फणसावर तिने पत्रा टांगला होता. तिने नेम धरला आणि खडा सोडला. खडा पत्र्याला लागला नाही. तो गडग्यावरून पलीकडे गेला आणि दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या मालनच्या भुवईवर बसला. रक्ताने तिचा डोळा भरला. तीन टाके पडले.

सगुणा त्याच संध्याकाळी तिच्या दारात गेली होती. मालनने आतून कडी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी मालन रिक्षा करून हमरस्त्यावरच्या पोलीस चौकीत गेली आणि तक्रार देऊन आली. तक्रारीत तिने एकच मुद्दा धरला होता: सगुणाचा नेम चुकत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, तेव्हा लागला तो मारलेलाच. वाडीतल्या माणसांना विचारलं तर तीही हेच म्हणाली. कुणी वाईटपणाने म्हणालं नाही. खरं तेच सांगतोय, असंच त्यांना वाटत होतं.

चौकीत तेव्हा असलेल्या हवालदाराने दोघींना समोर बसवलं. गुन्हा दाखल केला तर कोर्टाचे हेलपाटे दोघींनाही, त्यापेक्षा मिटवा, असं त्याने सुचवलं. गलोल त्याने कपाटात ठेवून घेतली आणि सगुणाकडून एक कागद लिहून घेतला. यापुढे मी गलोल जवळ बाळगणार नाही आणि वापरणार नाही. तिने खाली सही केली. चुकून लागला, एवढं ती एकदा म्हणाली. हवालदार हसून म्हणाला की तुमचं चुकत नाही, असं सगळे सांगतात. त्यावर ती गप्प बसली.

गप्प बसण्याचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपासून तिच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं होतं. खांदाही ताणला की कळ यायची. ते तिथे सांगितलं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं. पण गोष्ट अनिलशेठच्या कानावर गेली असती आणि राखण गेली असती. म्हणून तिने मनात वाईट असल्याचा ठपका घेतला आणि म्हातारपणाचा टाळला.

पुढचा हंगाम तिने डबा वाजवून काढला. गलोलीने एका जागी उभं राहून चार झाडं सांभाळता येतात, डब्याने प्रत्येक झाडाखाली जावं लागतं. दिवसभर ती कातळावरून चढ-उतार करायची आणि संध्याकाळी घरी आली की पायरीवरच बसून राहायची. चूल पेटवायलासुद्धा तिला उठवत नसे. तीन वेळा ती चौकीत गेली, गलोल परत मिळेल का विचारायला. तक्रारदाराने लिहून दिल्याशिवाय नाही, असं उत्तर मिळालं. मालन लिहून देणार नव्हती. चौथ्यांदा सगुणा गेली नाही. घरात पेरूचं झाड होतं, रबर होतं, नवी गलोल करायला अर्धा दिवस पुरला असता. शेजारणींनी तसं सुचवलंही. पण तिने सही केली होती.

यंदाच्या माघात मालन गेली. महिनाभर कावीळ होती. शेवटच्या दिवसांत सगुणा दोनदा पेज घेऊन गेली. मृणालीने ती दारातच घेतली. मालन शुद्धीत असताना मुलांना सांगत राहिली की सगुणाने मला नेम धरून खडा मारला होता.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या. विसर्जन दहाव्याला खाडीवर करायचं ठरलं होतं. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून पांढऱ्या कापडात पुरचुंडी बांधून मसणवटीजवळच्या ऐनाच्या झाडाच्या फांदीला टांगून ठेवली. आठव्या दिवशी सकाळी विनीत दिवा लावायला गेला तर फांदीला नुसती दोरी लोंबत होती. वर पाहिलं तर शेजारच्या काटेसावरीच्या शेंड्याजवळ, एका बेळक्यात, पांढरं कापड दिसलं. केलड्याने खाण्याची पुरचुंडी समजून वर नेली असणार आणि वास घेऊन तिथेच टाकली असणार.

काटेसावरीवर चढता येत नाही. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बोटाएवढे काटे. पानं झडलेली, लाल फुलं लागलेली, आणि त्या फुलांत ती पांढरी पुरचुंडी तीस हात उंचावर. पोरांनी दोन बांबू जोडून पाहिले, ते मधेच वाकले. कुणी दगड मारायला निघालं, विनीतने थांबवलं. कापड फाटलं असतं तर सगळं वाऱ्यावर गेलं असतं. झाड तोडायचं तर तेच झालं असतं. दुपारपर्यंत वाडीत कुजबुज सुरू झाली की मालनची काहीतरी इच्छा राहिली, म्हणून ती अडकून बसली आहे. कसली इच्छा, ते कुणी बोललं नाही, पण जो तो सगुणाच्या घराकडे पाहत होता.

विनीत संध्याकाळी तिच्याकडे आला. ती नुकतीच बागेतून आली होती आणि पायरीवर बसली होती. तो उभाच राहिला. त्याने सगळं सांगितलं, जे तिला आधीच कळलं होतं.

“काकी, तुझ्याशिवाय ते कुणाला जमायचं नाय,” तो म्हणाला.

 सगुणा म्हणाली, “मी सही केलीय.”

“कसली सही? कोण बघतंय हितं?”

“कोण बघतंय म्हणून केली नव्हती.”

विनीतला राग आला असणार, पण तो घरी जाऊन सकाळी परत आला, मोटरसायकल घेऊन. ती मागे बसली आणि दोघं चौकीत गेले.

तो हवालदार आता बदलून गेला होता. त्याच्या जागी राजश्री नावाच्या हवालदार बाई होत्या, चाळिशीच्या, सर्दीने बेजार झालेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कपाटातून फाइल काढली आणि तो कागद दोनदा वाचला. मग त्यांनी सांगितलं की गलोल घरात ठेवायला परवाना लागतो, असं त्यांच्या माहितीत तरी कुठे नाही. ती बंदूक नव्हे. तिने माणसाला इजा झाली तर ती इजेची तक्रार, आणि रानातलं जनावर मारलं तर ते वनखात्याचं प्रकरण. हा कागद दोघींत मिटावं म्हणून लिहून घेतलेला आहे. पण तुम्ही तो पाळलात ना?

सगुणाने मान हलवली.

“कधी जनावर मारलंत या गलोलीने?”

विनीतने तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणायला काहीच हरकत नव्हती. सगुणा म्हणाली, “एकदा. पंधरा वर्सां झाली. वानराच्या पोराच्या हाताला लागला. आय त्याला पोटाशी धरून तीन दिवस बागेतच होती, हलली नाय. तवापासून पत्र्यालाच मारते.”

राजश्री बाईंनी ते लिहिलं नाही. नाक पुसत त्यांनी कोरा कागद विनीतपुढे सरकवला. तक्रारदार हयात नाही, तर मुलगा म्हणून तुमचं म्हणणं लिहून द्या, म्हणजे मला वस्तू परत देता येईल, असं सांगितलं.

विनीत पेन हातात घेऊन थांबला. ‘तो प्रकार अपघाताने घडला’ असं लिहावं, हे उघडच होतं. त्याने लिहिलं, ‘आमची आता काही तक्रार नाही.’ सही केली. सगुणाला वाचता येत होतं. तिने ते वाक्य वाचलं आणि पुढे सरकवलेल्या पावतीवर आपली सही केली. राजश्री बाईंनी जुन्या कागदावर ‘रद्द’ असा शेरा मारला आणि गलोल तिच्या हातात दिली. वर्षभर कपाटात राहून रबर कडक झालं होतं. परत येताना पालीच्या बाजारात ट्यूबचं रबर घेतलं. 

दुपारी तीनच्या सुमारास ती मसणवटीत गेली. बायका तिथे जात नाहीत; एका म्हाताऱ्याने तसं सुचवून पाहिलं, पण दुसरा उपाय त्याच्याकडेही नव्हता. झाडाखाली चौघांनी चादर ताणून धरली. मृणाली लांब वहाळाच्या काठाला उभी होती. तिच्याबरोबर वाडीतल्या बऱ्याच बायका.

पुरचुंडीच्या फांदीवरूनच, तिच्या वीतभर आतून, तंगूस टाकायचा होता. फांदीला खालून हिसका बसला की पुरचुंडी बेळक्यातून सुटून चादरीत पडली असती. सगुणाने शिशाची गोळी बांधली, तंगूस जमिनीवर मोकळा सोडला आणि नेम धरला.

पहिली गोळी फांदीपासून दोन हात लांबून गेली. लोकांना वाटलं, अंदाज घेते आहे. दुसरी खालून गेली. तिसरी भलत्याच फांदीवर जाऊन काट्यांत अडकली, ती ओढून तोडावी लागली. चौथी, पाचवी. प्रत्येक वेळी ती गोळी गोळा करायला स्वतःच जायची, वाकायची, गुडघ्यावर हात देऊन उठायची. सहाव्या वेळी खांद्याची कळ अशी आली की ती तिथेच खाली बसली. चादर धरलेल्यांनी चादर खाली केली.  तीस वर्षांत असं कुणी पाहिलं नव्हतं.

विनीतने तिला पाण्याची बाटली दिली. तो तिच्याजवळ उकिडवा बसला.

“काकी, तुला दिसत नाय?”

“उजव्यानं धुकं. डाव्यानं दिसतं, पण त्याला सवय नाय.”

“कधीपासून?”

तिने सांगितलं. त्याने बोटांवर वर्षं मोजली. मग विचारलं, “मग तवा चौकीत का नाय बोललीस?”

“राखण गेली असती रे,” ती म्हणाली. पाणी प्यायली आणि पुढे म्हणाली, “तुझ्या आयला मी सांगायला आले होते. दार उघडलंन नाय.”

हे बोलणं वहाळापर्यंत ऐकू गेलं नसेल. पण मृणाली काठ सोडून जवळ आली होती. तिला काही विचारावं लागलं नाही. सहा चुकलेल्या गोळ्या तिने पाहिल्याच होत्या. तिने खाली पडलेला तंगूस उचलला, त्याचा गुंता झाला होता तो सोडवत बसली.

सगुणा उठली तेव्हा चार वाजून गेले होते. या वेळी तिने गलोल डाव्या डोळ्यासमोर धरली. बापाने शिकवल्याच्या उलट उभी राहिली. सातवी गोळी चुकली, पण थोडक्यात. आठवी फांदीला लागून परत आली. नववी फांदीवरून गेली आणि शिशाच्या वजनाने सरसरत पलीकडे खाली आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, जागाही तशी नव्हती. विनीतने तंगुसाला सुतळी बांधली, मग दोरखंड. दोन्ही टोकं हातात घेऊन त्याने हलका हिसका दिला. लाल फुलं पडली. दुसऱ्या हिसक्याला पुरचुंडी सुटली आणि चादरीत आली. कापडाला दातांची दोन भोकं होती, गाठ शाबूत होती. मृणालीने आपल्या पिशवीतलं नवं कापड काढून त्यावर आणखी एक गाठ मारली.

सगुणा तेवढं पाहून बागेकडे निघाली. विनीत मागून आला आणि म्हणाला की आजच्या दिवस राहू दे. ती म्हणाली की केलड्यांना आज काय नि उद्या काय. मग तोही तिच्याबरोबर गेला. अंधार पडेपर्यंत तो डबा वाजवत झाडाझाडाखाली फिरला आणि ती चिऱ्यावर बसून कुठल्या झाडाकडे जायचं ते सांगत राहिली.

दहाव्याला खाडीवर पुरुषांबरोबर ती गेली नाही. घरी मृणालीबरोबर स्वयंपाकाला बसली. नारळ खवताना खांदा भरून आला तेव्हा मृणालीने तिच्याकडून नारळ काढून घेतला आणि तिला कांदे सोलायला दिले. मालनबद्दल त्या दोघी फारसं बोलल्या नाहीत. एकदा मृणाली म्हणाली, “आयचं चुकलं.” सगुणा म्हणाली, “तिला तरी काय ठाऊक?” आणि कांदे सोलत राहिली.

गोष्ट अनिलशेठपर्यंत जाणारच होती. ती जायच्या आधी सगुणा स्वतः गेली. त्यांच्या पडवीत बसून तिने डोळ्याचं आणि खांद्याचं सांगितलं. अनिलशेठ वाईट माणूस नव्हे. हंगाम संपेपर्यंत रहा, असं त्यांनी सांगितलं, पण पुढच्या वर्षासाठी त्यांनी दुसरा माणूस पाहायला घेतला आहे, हेही लपवलं नाही. तिने ते ऐकून घेतलं. भांडावं असं तिला वाटलं नाही. वाटलं तर एवढंच, की हे तीन वर्षं उरावर धरून ठेवायचं कारण नव्हतं.

मुंबईला परतण्यापूर्वी विनीत तिला न सांगता चौकीत जाऊन आला. राजश्री बाईंकडे त्याने दुसरा कागद दिला, की आईला लागलं ते चुकून लागलं होतं, काकीचा डोळा अधू होता, हे मी स्वतः पाहिलं आहे. बाईंनी सांगितलं की प्रकरण बंद झालेलं आहे, आता याची गरज नाही. तो म्हणाला की गरज नसली तरी फाइलला लावून ठेवा. त्यांनी लावला.

सगुणाला हे महिन्याभराने कळलं, मृणालीच्या फोनवरून. तेव्हा आंबा उतरायला सुरुवात झाली होती आणि ती पेट्यांत गवत भरत होती. फोन कानाला धरून तिने ऐकलं, बरं म्हणाली, आणि मृणालीला विचारलं की डोळ्याच्या ऑपरेशनला रत्नागिरीला जायचं म्हणजे बरोबर कुणीतरी लागतं म्हणतात, तर तू जूनमध्ये येशील का. मृणाली येते म्हणाली.